लकव्यानंतर खांदा का दुखतो? हात धरायची पद्धत बदलणाऱ्या बर्टा बोबाथ यांची गोष्ट

घरात कुणाला लकवा मारला की दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाल्यावर एक कार्यक्रम रोजचा होऊन बसतो. पेशंटला खाटेवरून उठवायचं असतं, बाथरूमला न्यायचं असतं, शर्ट चढवायचा असतो. एक जण पायाकडं उभा राहतो, दुसरा लुळा पडलेला हात धरतो आणि ओढतो. संध्याकाळी मालिश करताना पुन्हा तोच हात डोक्यावर नेला जातो, आखडू नये म्हणून. हेतू शंभर टक्के चांगला असतो. पण महिना-दोन महिन्यांनी पेशंट सांगायला लागतो की खांदा ठणकतोय, रात्रीची झोप लागत नाहीये. घरच्यांना वाटतं, लकव्याचंच दुखणं असणार, चालायचंच.

त्या दुखण्यामागं बऱ्याचदा एक साधं कारण असतं: तो हात रोज कसा धरला गेला, कसा उचलला गेला.

ही गोष्ट दवाखान्यांच्या गळी उतरायला बरीच वर्षं गेली. ती उतरवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या बाई डॉक्टर नव्हत्या. सुरुवातीला तर त्यांच्याकडं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायचं सर्टिफिकेटही नव्हतं. त्या होत्या जिम्नॅस्टिक शिकवणाऱ्या, बर्लिन सोडून लंडनला आलेल्या एक निर्वासित बाई. नाव बर्टा बोबाथ. भारतातल्या फिजिओथेरपी कॉलेजांतली पोरंसुद्धा आज परीक्षेत बोबाथ पद्धतीवर टिपा लिहितात. पण त्या नावामागं कोण होतं, हे त्यांच्यातल्याही फार थोड्यांना ठाऊक असतं.

बर्टा यांचं माहेरचं आडनाव बुसे. जन्म ५ डिसेंबर १९०७ चा, बर्लिनचा. शाळा झाल्यावर त्यांनी बर्लिनमधल्या अ‍ॅना हेरमान यांच्या जिम्नॅस्टिक स्कूलमध्ये शिक्षण घेतलं आणि पुढं तिथंच शिकवायला लागल्या.

आता जिम्नॅस्टिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हॉल्टवरून हवेत कोलांट्या घेणारी दीपा कर्माकर येते. त्या काळातल्या जर्मनीत या शब्दाचा अर्थ बराच वेगळा होता. तिथं शरीर कसं हलतं, श्वास कुठं अडकतो, कुठला स्नायू उगाच ताणलेला आहे आणि तो सैल कसा सोडायचा, याचं शिक्षण दिलं जायचं. मेडल वगैरे भानगड नाही. शिकवणारीनं विद्यार्थिनीच्या अंगाला हात लावून ताण ओळखायचा आणि हातानंच तो कमी करायचा. थोडक्यात, माणसाच्या हालचालीकडं बघायची आणि ती तळहातानं वाचायची सवय बर्टा यांना वयाच्या विशीतच लागली. पुढचं सगळं आयुष्य याच सवयीवर उभं राहिलं.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बर्टा ज्यू वंशाच्या. बर्लिनमध्ये राहणं दिवसेंदिवस धोक्याचं होत गेलं आणि १९३८ मध्ये त्यांनी लंडन गाठलं. त्यांच्या ओळखीतला एक तरुण होता, कारेल बोबाथ. तोही बर्लिनचाच, जन्म १४ मार्च १९०६, घराणं मूळचं चेक ज्यू. १९३२ मध्ये बर्लिनमधून डॉक्टर झाला, मग चेकोस्लोव्हाकियात गेला आणि नाझी तिथंही पोचल्यावर १९३९ मध्ये लंडनला आला. परक्या शहरात, युद्धाच्या धामधुमीत दोघांनी १९४१ मध्ये लग्न केलं.

डॉक्टर नवरा आणि त्याला मदत करणारी बायको, असं चित्र इथं डोळ्यांसमोर येऊ शकतं. या जोडीत नेमकं उलटं होतं. शोध बायको लावायची, आणि नवरा तिच्या शोधाचं कारण पुस्तकांत हुडकत बसायचा.

चित्रकाराचा उजवा हात

१९४० च्या दशकाच्या मध्यावर बर्टा यांच्याकडं एक पेशंट आला. सायमन एल्वेस. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या माणसांची पोर्ट्रेट काढणारा नावाजलेला चित्रकार, वय चाळिशीतलं. त्याला स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली. चित्रकाराचा उजवा हात गेला म्हणजे काय झालं, हे वेगळं सांगायला नको.

त्या वेळी लकव्याच्या पेशंटवर काय उपचार व्हायचे? सर्वसाधारण समज असा होता की मेंदूचा जो भाग गेला तो गेला. लुळ्या बाजूकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. चांगल्या बाजूला इतकं तयार करायचं की पेशंट तिच्या जोरावर उठेल, बसेल, काठी घेऊन चालेल. गेलेल्या हाताला मालिश करायचं, तो ताणायचा, पट्टी-फळी बांधून सरळ ठेवायचा किंवा झोळीत अडकवून गळ्यात टाकायचा. हात बांधलेला राहिला की लोक त्याच्याकडं बघायचंही सोडून द्यायचे.

बर्टा यांना हे नीट माहीतच नव्हतं. त्यांनी फिजिओथेरपीचं पुस्तक वाचलं नव्हतं, त्यामुळं लकव्याच्या हाताकडून काही अपेक्षा ठेवायची नसते हेही त्या शिकल्या नव्हत्या. त्यांनी बर्लिनमध्ये जे केलं होतं तेच इथं केलं. पेशंटचा हात हातात घेतला आणि ताण कुठं आहे ते बघितलं.

लकवा जुना झाला की हात बहुतेकदा एका ठरावीक पद्धतीनं आखडतो. तुम्ही कुठं ना कुठं बघितलं असेल. खांदा खाली आणि मागं खेचलेला, दंड छातीला चिकटलेला, कोपर वाकलेलं, मनगट मुडपलेलं आणि मूठ आवळलेली. डॉक्टर याला स्पास्टिसिटी म्हणतात. असा हात कुणी जोर लावून सरळ करायला गेलं तर तो आणखी घट्ट होतो.

एल्वेसवर काम करताना बर्टा यांच्या लक्षात आलं की ही आखड कायमची नसते. शरीराची ठेवण बदलली की तीही बदलते. खांदा, पाठ, कंबर यांना वेगळ्या स्थितीत आणून सावकाश हलवलं तर लांबवरची मूठही सैल पडते. आणि सैल पडलेल्या त्या थोड्या वेळात, जी हालचाल संपली असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, तिचा थोडासा अंश परत दिसतो.

फिजिओथेरपीच्या वर्गात ही गोष्ट कधी कधी चमत्कारासारखी सांगितली जाते. तसं काही नव्हतं. एल्वेस पुन्हा चित्रं काढायला लागला, राजघराण्याची कामंही त्याला परत मिळाली, पण ब्रश त्यानं डाव्या हातात धरला. डाव्या हातानं रंगवायला तो नव्यानं शिकला. म्हणजे बर्टा यांच्या सगळ्यात गाजलेल्या पेशंटचा उजवा हात चित्र काढण्याइतका परत आला नाही. तरीही लुळ्या बाजूवर काम केलं तर फरक पडतो, एवढं या केसमधून बर्टा यांना पक्कं कळलं होतं आणि त्यांनी ते सोडलं नाही.

यानंतर त्या लंडनच्या प्रिन्सेस लुईस हॉस्पिटलमध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलांवर काम करायला लागल्या. या मुलांच्या मेंदूला जन्माच्या आसपासच इजा झालेली असते आणि हातपाय तसेच आखडतात. जे चित्रकाराच्या हातात सापडलं होतं तेच पोरांच्या पायांत सापडायला लागलं. १९४८ मध्ये त्यांचा पहिला लेख ब्रिटनच्या फिजिकल मेडिसिनच्या जर्नलमध्ये छापून आला. आणि गंमत बघा, फिजिओथेरपिस्ट म्हणून अधिकृत मान्यता त्यांना मिळाली ती १९५० मध्ये. नवी उपचारपद्धत आधी, सर्टिफिकेट नंतर.

१९५१ मध्ये नवरा-बायकोनं लंडनमध्ये स्वतःचा छोटा दवाखाना सुरू केला. पुढं तो वेस्टर्न सेरेब्रल पाल्सी सेंटर म्हणून ओळखला गेला आणि नंतर बोबाथ सेंटर.

खांद्यात नेमकं काय बिघडतं?

बर्टा यांनी जे सांगितलं ते समजून घ्यायचं तर आधी खांद्याची रचना बघावी लागेल. इथं जरा थांबू, कारण घरात पेशंट असेल तर कामाची गोष्ट हीच आहे.

कमरेचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला गोळा. सहजासहजी निसटत नाही. खांद्याचं तसं नसतं. तिथं दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्यावर टेकतो ती जागा उथळ, जवळपास बशीसारखी. बशीवर चेंडू ठेवावा तसा हा प्रकार. म्हणून तर आपण हात चहूबाजूंनी फिरवू शकतो. पण हा चेंडू जागेवर ठेवायचं काम हाडांपेक्षा आजूबाजूचे स्नायू करतात.

स्ट्रोकनंतर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे हे स्नायू ढिले पडलेले असतात. हाताचं वजन काही कमी होत नाही. पेशंट बसला की तो हात लोंबकळतो आणि दंडाचा गोळा हळूहळू बशीवरून खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट जाईल एवढी फट कधी कधी हाताला लागते. अशा वेळी कुणी मनगट धरून खस्सकन ओढलं तर त्या सांध्याला धरून ठेवणारं तिथं फारसं काहीच नसतं.

पुढं आखड येते आणि दुसरी अडचण सुरू होते. एक प्रयोग करून बघा. उजवा हात सावकाश डोक्यावर न्या आणि डावा तळवा उजव्या बाजूच्या पाठीवर, बगलेच्या मागं ठेवता येतोय का बघा. तिथलं चपटं त्रिकोणी हाड हाताबरोबर फिरताना जाणवेल. हात वर जातो तेव्हा फक्त दंड वर जात नाही. पाठीवरचं ते हाडही पुढं सरकतं आणि वरच्या दिशेला वळतं, आणि दंड स्वतःभोवती बाहेरच्या बाजूला फिरतो. हे तिन्ही एकत्र झालं तरच वरच्या हाडाखालून दंडाच्या गोळ्याला वाट मिळते.

लकव्याच्या आखडलेल्या खांद्यात पाठीवरचं हाड खाली-मागं जखडलेलं असतं आणि दंड आतल्या बाजूला वळलेला. अशा वेळी मनगट धरून हात वर रेटला तर दंडाचं हाड वरच्या हाडावर जाऊन आपटतं आणि मधले नाजूक स्नायुबंध चिमटीत सापडतात. एकदा, दोनदा, रोज. पेशंट कळवळतो, दुखतं म्हणून हात आणखी आखडून धरतो, आखडला म्हणून घरचे आणखी जोर लावतात. या चक्रात खांदा सुजतो आणि मग त्याला नुसता स्पर्शही सहन होत नाही. बरं, स्ट्रोकमुळं कुणाची बोलायची ताकद गेलेली असते, कुणाला त्या बाजूचं नीट जाणवतच नाही. त्यामुळं दुखतंय हे वेळेवर सांगितलंही जात नाही.

बर्टा यांची पद्धत इथं एकदम साधी वाटते. मनगटाला हातच लावायचा नाही. सुरुवात पाठीवरच्या हाडापासून करायची. पेशंट एका कुशीवर किंवा पाठीवर झोपलेला असताना थेरपिस्टनं एक तळवा त्या हाडावर ठेवायचा, दुसऱ्या हातानं दंडाला खालून पूर्ण आधार द्यायचा आणि ते हाड सावकाश पुढं आणि वर सरकवत राहायचं. ते मोकळं झाल्याचं तळव्याला कळलं की मग दंड बाहेरच्या बाजूला वळवत हात हळूहळू उचलायचा. मध्येच अडलं किंवा पेशंटच्या चेहऱ्यावर वेदना दिसली की जोर न लावता मागं यायचं आणि पुन्हा पाठीपासून सुरुवात.

खांदा, कंबर, मान या जागांना त्यांनी कंट्रोलच्या मुख्य जागा मानलं. तिथं हात ठेवला की लांबचे हातपाय आटोक्यात येतात, असं त्यांचं म्हणणं. मूठ सोडवायची असेल तर बोटांशी झटापट करू नका, आधी खांद्याकडं जा.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली, ती म्हणजे उपचार हा अर्ध्या तासाचा नसतो. उरलेले साडेतेवीस तास पेशंट कसा झोपतो, कसा बसतो, त्याला कुणीकडून हाक मारली जाते, हे सगळं उपचारातच धरायचं. झोपताना लुळ्या बाजूचा खांदा मागं पडू नये म्हणून त्याखाली उशी द्यायची. बसल्यावर हात मांडीवर लोंबत न ठेवता समोरच्या टेबलावर किंवा उशीवर ठेवायचा. शक्य असेल तिथं लुळ्या हाताचा तळवा गादीवर टेकवून त्यावर थोडं वजन घ्यायला लावायचं. भेटायला येणाऱ्यांनी लुळ्या बाजूला बसायचं, म्हणजे पेशंटची मान तिकडं वळते. आणि उठवताना हाताला न धरता पाठीमागून, खांद्याच्या हाडाला आणि कमरेला आधार द्यायचा.

हे वाचताना वाटेल, यात शोध कसला? पण हे सगळं नर्सला, वॉर्डबॉयला, घरच्या माणसाला शिकवायचं असतं, असं म्हणणं हाच त्या काळात मोठा बदल होता. १९७० मध्ये बर्टा यांचं मोठ्या माणसांच्या अर्धांगवायूवरचं पुस्तक आलं आणि त्याच्या पुढं सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. त्यांच्या शिष्या पॅट डेव्हिस यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या स्टेप्स टू फॉलो या पुस्तकात तर खांद्याच्या दुखण्यावर वेगळं प्रकरणच आहे.

सगळंच जमलं असंही नाही. खाली सरकलेल्या खांद्यासाठी काखेत मऊ गुंडाळी ठेवून बांधायची एक झोळी बोबाथ यांच्या नावानं चालत होती. ती गुंडाळी दंडाला वर उचलायच्या ऐवजी बाजूला ढकलते अशा तक्रारी आल्या आणि तिचा वापर मागं पडला.

थिअरी कारेलची

बर्टा यांच्या हातांनी काम होत होतं, पण डॉक्टर मंडळींना कारण हवं होतं. निर्वासित बाई, पूर्वीची जिम्नॅस्टिक टीचर, हात ठेवते आणि आखड सैल होते म्हणते, यावर लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट एकदम माना डोलावणार नव्हते. ती बाजू कारेल यांनी सांभाळली. शेरिंग्टन, मॅग्नस अशा मेंदूशास्त्रज्ञांचे प्रयोग वाचून त्यांनी एक मांडणी तयार केली. थोडक्यात अशी: मेंदूचा वरचा भाग खालच्या आदिम रिफ्लेक्सवर लगाम ठेवतो, स्ट्रोकमध्ये लगाम सुटतो आणि रिफ्लेक्स मोकाट सुटतात. शरीराला योग्य स्थितीत आणून ते रिफ्लेक्स दाबले की खरी हालचाल बाहेर येते.

या मांडणीनं बोबाथ पद्धतीला इज्जत मिळवून दिली. पुढं तिच्यासाठी डोकेदुखीही हीच ठरली.

सुरुवातीच्या काळात बर्टा पेशंटला ठरावीक स्थितीत बराच वेळ ठेवायच्या. आखड कमी व्हायची, पण पेशंट उठून चालायला लागला की जैसे थे. हे बघून त्यांनी ती पद्धत स्वतःच मोडीत काढली आणि स्थिर ठेवण्याऐवजी हलत्या शरीरावर काम सुरू केलं. नंतर मुलांच्या बाबतीत आधी पालथं पडणं, मग रांगणं, मग बसणं अशी क्रमवार शिडी चढवायचा आग्रह होता, तोही सोडला. १९८४ मधल्या लेखनात दोघांनी आपलं कुठं चुकलं ते छापून सांगितलं. स्वतःच्या नावाची पद्धत जगभर चालत असताना असं करणारे कमीच.

अडचण अशी की शिष्य गुरूपेक्षा कट्टर निघतात. लंडनला आठ-आठ आठवड्यांचे कोर्स करून गेलेली मंडळी युरोप, अमेरिका, जपानमध्ये पसरली. अमेरिकेत आणि आपल्याकडं हीच पद्धत एनडीटी, म्हणजे न्यूरो डेव्हलपमेंटल ट्रीटमेंट या नावानं ओळखली जाते. १९८४ मध्ये शिकवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. काही ठिकाणी नियम असे पक्के झाले की पेशंटला चुकीच्या पद्धतीनं हालचाल करूच द्यायची नाही, थेरपिस्टचा हात असल्याशिवाय चालायचं नाही, आणि वजन उचलायचे व्यायाम तर बिलकूल नकोत, कारण जोर लावला की आखड वाढते. जोर लावल्यानं आखड वाढत नाही, उलट ताकद वाढते, हे पुढच्या संशोधनात दिसलं. तोवर बऱ्याच पेशंटना ते व्यायाम मिळालेच नाहीत. यातला काही दोष बर्टा यांच्या खात्यावर टाकावाच लागतो, कारण जोर टाळायची शिकवण मूळची त्यांचीच होती.

सन २००० मध्ये नॉर्वेतल्या ६१ पेशंटचा अभ्यास छापून आला. अर्ध्यांना बोबाथ पद्धत, अर्ध्यांना रोजची कामं प्रत्यक्ष करून शिकायची दुसरी पद्धत. दुसऱ्या गटातली माणसं सरासरी २१ दिवसांत घरी गेली, बोबाथ गटातली ३४ दिवसांत. २००९ मध्ये १६ चाचण्या आणि ८१३ पेशंट यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. हातापायाची हालचाल, चालणं, रोजची कामं यात बोबाथ पद्धत इतरांपेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. मेंदूत रिफ्लेक्सची उतरंड असते ही कारेल यांची मूळ मांडणीही आता कुणी तशीच्या तशी मानत नाही.

हे निकाल बघायला दोघंही नव्हते. २० जानेवारी १९९१ रोजी बर्टा आणि कारेल यांनी लंडनमध्ये एकत्रच आपलं आयुष्य संपवलं. बर्टा ८३ वर्षांच्या होत्या, कारेल ८४ वर्षांचे. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. दुसऱ्यांची शरीरं परत चालती करण्यात हयात गेलेल्या या जोडप्याचा शेवट असा झाला, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना पचवणं अवघड गेलं असणार. आयुष्याच्या त्या टोकाला दोघांच्या मनात काय होतं, यावर बाहेरच्यांनी अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही.

खांद्याचं मात्र वेगळं झालं. बर्टा यांच्या मृत्यूच्या वर्षभर आधी, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या एका जर्नलमध्ये स्ट्रोकच्या २८ पेशंटचा छोटासा अभ्यास आला होता. त्यात तीन गट केले होते. एका गटाचा हात थेरपिस्ट स्वतः हलवायचा. दुसऱ्या गटातले पेशंट चाकं लावलेल्या फळीवर हात ठेवून तो पुढं-मागं सरकवायचे. तिसऱ्या गटाला डोक्यावर कप्पी टांगून दिली होती, चांगल्या हातानं दोरी ओढायची की लुळा हात वर जातो. कप्पी म्हणजे स्वस्त आणि मस्त, थेरपिस्टचा वेळही वाचतो. पण कप्पीच्या गटात ६२ टक्के पेशंटचा खांदा दुखायला लागला. फळीच्या गटात हा आकडा १२ टक्के होता आणि थेरपिस्टच्या हाताच्या गटात ८ टक्के.

कप्पी पाठीवरच्या हाडाची वाट बघत नाही. दोरी ओढली की हात वर जातो, आत काय चिमटतंय हे दोरीला कळत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये स्ट्रोकनंतरच्या खांद्यासाठी डोक्यावरच्या कप्पीचा व्यायाम देऊ नये, असं नोंदवलेलं आहे. पेशंटला कसं झोपवायचं, खांद्याला आधार कसा द्यायचा आणि हात कसा हाताळायचा, हे घरच्यांना शिकवण्यावरही त्यात भर आहे. आता दुखऱ्या खांद्यासाठी इंजेक्शनं, विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू जागे करणारी मशिन, टेपिंग असे बरेच पर्याय असतात आणि कुणाला काय लागू पडेल हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट तपासूनच ठरवतात. पण पेशंटला पहिल्यांदा उठवून बसवायचं असतं तेव्हा यातलं काहीच हाताशी नसतं. तिथं नातेवाइकाचे दोन हात असतात, आणि शिकवणारा थेरपिस्ट बरा असेल तर तो मनगटाला धरू देत नाही, एक हात पाठीवरच्या त्या चपट्या हाडामागं ठेवायला लावतो आणि दुसरा कमरेला.